मोरस, मल्लूआख आणि ओसाकाची खाडी



गेल्या उन्हाळ्यात आमच्या मुलीने ओसाकाहून फोनवर एक फोटो पाठवला. प्लॅस्टिकच्या पाकिटात हिरवीगार, सुईसारख्या पानांची भाजी. खाली लिहिले होते, "आई, बाबा, इथे मोरस मिळाली!" सौ.ने चष्मा लावून फोटो आधी जवळ धरून पाहिला, मग लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "दिसते तशी. पण हात लावल्याशिवाय मी नाही सांगणार."

आम्ही तेव्हा हसलो. पुढे याच प्रश्नाच्या मागे लागून बरेच वाचन झाले, जपानचा प्रवास झाला, आणि तिचेच बरोबर होते हे मान्य करावे लागले. त्या शोधात जे हाती लागले ते आपल्या समाजातील वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

आपल्यापैकी पुष्कळजण मुंबई, पुणे, अहमदाबाद, कराचीकडचे. त्यांनी मोरस पाहिली नसेल. पण ज्यांचे बालपण पेण-अलिबागच्या खारेपाटात किंवा रेवदंडा-मुरूडकडच्या खाड्यांकाठी गेले, त्यांच्या जिभेवर नुसत्या नावाने खारट चव येईल. खाजणाच्या कडेला, मिठागराच्या बांधावर, उधाणाचे पाणी जिथे येऊन जाते आणि भात सोडाच, गवतही धड उगवत नाही, तिथे ही मोरस दाट पसरते. पाने बारीक, लांबट, गोलसर आणि रसाने भरलेली. बोटांत दाबली की पाणी सुटते. कोवळे शेंडे खुडायचे, उकळत्या पाण्यात टाकायचे, ते पाणी ओतून द्यायचे आणि भाजी घट्ट पिळून घ्यायची. मग कांदा, लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली चणाडाळ आणि वरून ओले खोबरे. मीठ मात्र घालायचे नाही. शेजारच्या आगरी-कोळी घरांत याच भाजीत जवळा पडे. आपल्याला पंख आणि खवले असलेलीच मासळी चालते, तेव्हा आपल्या घरी डाळीवर भागवत.

जुन्या मंडळींना दुसरीही मोरस आठवेल. मॉरिशस बेटातून येणाऱ्या पांढऱ्या साखरेला आपल्याकडे मोरस साखर म्हणत. वाण्याकडे मोरस मागितली तर गोड, खाजणात मागितली तर खारट. नाव एक, वस्तू दोन. नावावरून वस्तू ओळखायला गेले की अशी गफलत होते. हीच गफलत आपल्या पवित्र शास्त्रातील एका भाजीच्या बाबतीत शेकडो वर्षे होत आली, आणि तिथूनच आमच्या शोधाला खरी सुरुवात झाली.

फोटो आला त्याच सुमारास तिशा बेआव, म्हणजे आपला बिरड्याचा सण होता. सफारदी रिवाजाप्रमाणे त्या दिवशी ईयोबाचे पुस्तक वाचतात. तिसाव्या अध्यायाच्या चौथ्या वचनात, गावाबाहेर हाकलून दिलेली भुकेली माणसे झुडुपांपाशी 'मल्लूआख' खुडतात आणि रोतेमच्या मुळांवर पोट भरतात, असे वर्णन येते. हे वचन आम्ही आयुष्यात किती वेळा ऐकले असेल! पण त्या वर्षी डोळ्यांपुढे फोनवरचा फोटो होता. मल्लूआख हा शब्द मेलाख, म्हणजे मीठ, याच धातूचा. खारट भाजी. आम्हांला वाटले, ही आपली मोरस तर नव्हे?

मल्लूआखचा दुसरा उल्लेख तालमूदात, किद्दुशीनमध्ये आहे. हश्मोनाई घराण्यातील यन्नाय राजा रानातल्या कोहलीत नावाच्या मुलखात साठ नगरे जिंकून परत आला. आनंदाच्या भरात त्याने इस्राएलच्या सर्व विद्वानांना बोलावले. तो त्यांना म्हणाला की, आपले पूर्वज बेथ हमिक्दाश बांधत होते तेव्हा मल्लूआख खाऊन राहिले. त्यांच्या आठवणीखातर आपणही आज तेच खाऊ. मग सोन्याच्या मेजांवर मल्लूआख वाढली गेली. पुढे त्याच मेजवानीत राजाचे आणि पेरुशी विद्वानांचे भांडण जुंपले, म्हणून इतिहासकार हा प्रसंग सांगतात. आमचे लक्ष मात्र त्या भाजीवरच राहिले. बाबेलहून परतलेले लोक मंदिर बांधत होते आणि त्यांच्या पानात होती रानातली खारट भाजी.

ही भाजी कोणती? ईयोबाच्या ग्रीक भाषांतरात 'हालिमा' असा शब्द घातला आहे. त्यातही मीठच आहे, कारण ग्रीकात मिठाला 'हाल्स' म्हणतात. त्या भाषांतरकारांना भाजी ठाऊक होती. पण १६११ सालच्या इंग्रजी बायबलात तिथे 'मॅलोज' आले. मॅलो म्हणजे अरबीतली खुबेझा, हिब्रूतली हेल्मित. गोल, पसरट पानांची, पावसानंतर इस्राएलात घराघरांपाशी उगवणारी. ती खाऱ्या जमिनीतली नव्हे आणि चवीला खारटही नव्हे. मल्लूआख आणि मॅलो या शब्दांच्या नादसाम्याने विद्वानांची फसगत झाली असावी. आमच्या पिढीने इंग्रजीच्या तासाला 'मॅलोज'च पाठ केले होते.

खुबेझाचा मान मात्र वेगळा आहे. १९४८ च्या वेढ्यात यरुशलेमच्या बायकांनी माळावरची खुबेझा खुडून मुलांना जगवले. पण उपकार केले म्हणून दुसऱ्या भाजीचे नाव तिला देता येत नाही.

आज वनस्पतिशास्त्रज्ञ मल्लूआख म्हणून जी वनस्पती दाखवतात ती म्हणजे 'अट्रिप्लेक्स हालिमस', हिब्रूत 'मलुआख किपेआख'. हिब्रू विद्यापीठाचे प्राध्यापक मिखाएल झोहारी यांनीही आपल्या बायबलमधील वनस्पतींच्या पुस्तकात हाच निर्वाळा दिला आहे. दिमोना, येरूहाम, बेएर शेवाकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी ती नक्की पाहिली असेल. पुरुषभर उंचीचे, राखाडी-चंदेरी झुडूप. पाने चपटी, त्यांच्यावर मिठाचे बारीक फुगे असतात, त्यामुळे पान धूळ बसल्यासारखे दिसते. जिभेवर ठेवले की मीठ.

म्हणजे मोरस ही मल्लूआख नव्हे. मोरसचे पान गोल आणि हिरवे, मल्लूआखचे चपटे आणि चंदेरी. आमचा तर्क चुकला. पण पूर्ण चुकला नाही. चाकवत, पालक, बीट, माठ यांच्याच कुळात या दोघीही येतात. लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली वनस्पतींना नावे दिली, तेव्हा मोरसला तर चाकवताच्याच प्रजातीत बसवले होते. तेव्हा मोरस आणि मल्लूआख या सख्ख्या बहिणी नसल्या तरी एका घराण्यातल्या आहेत, आणि दोघींनी खाऱ्या जमिनीत गरिबाला जगवले आहे.

मोरसच्या प्रजातीचे आजचे शास्त्रीय नाव 'स्युएडा'. ते कसे पडले ही हकिगत आपल्या समाजाने मुद्दाम वाचावी अशी आहे. अठराव्या शतकात गटिंगेन येथे योहान डेव्हिड मिखाएलिस नावाचे हिब्रूचे गाढे अभ्यासक होते. तोरा आणि नबियांच्या पुस्तकांतील झाडे, प्राणी, चालीरीती घरी बसून शब्दकोशांतून समजणार नाहीत, त्या मुलखात जाऊनच पाहिल्या पाहिजेत, असे त्यांचे मत होते. त्यांच्या सूचनेवरून डेन्मार्कच्या राजाने १७६१ च्या जानेवारीत सहा जणांची मोहीम कोपनहेगनहून अरबस्तानाकडे पाठवली. त्यांत लिनियसचा शिष्य पेटर फोर्सकोल हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याची रीत साधी होती. तांबड्या समुद्राच्या बाजूला जे झुडूप दिसेल ते हातात घ्यायचे आणि तिथल्या माणसांना त्याचे नाव विचारायचे. एका खाऱ्या झुडुपाला अरब 'सुवैद' म्हणत. त्याने तेच नाव लिहून घेतले आणि त्यावरून झाले स्युएडा. सुवैदमध्ये काळेपणाचा अर्थ आहे, आणि इस्राएलात या प्रजातीला 'उखाम' म्हणतात, त्या आरामी शब्दाचाही अर्थ काळा.

फोर्सकोल १७६३ च्या जुलैत येमेनमध्ये तापाने वारला. उरलेले लोक जहाजाने मुंबईकडे निघाले. दोघे समुद्रातच गेले, मोहिमेचा डॉक्टर मुंबईत वारला, आणि एकटा कार्स्टन नीबूर हा मोजणीदार उरला. तो १७६४ च्या अखेरपर्यंत मुंबईत राहिला, घारापुरीची लेणी त्याने मोजून काढली आणि १७६७ साली एकटाच मायदेशी पोचला. मित्राची वनस्पतींची टिपणे त्याने १७७५ साली छापली. म्हणजे आपल्या शास्त्रातली झाडे ओळखण्यासाठी निघालेल्या मोहिमेने मोरसच्या प्रजातीला नाव दिले, आणि त्या मोहिमेचा एकमेव वाचलेला माणूस वर्षभर अशा मुंबईत राहिला जिच्या चारही बाजूंनी खाड्या, मिठागरे आणि मोरस होती. त्या वेळी आपले लोक कोकणातील गावांत शनिवारी घाणा बंद ठेवून तेल गाळत होते. शनवार तेली हे नाव त्यावरूनच पडले.

लिनियसचा आणखी एक शिष्य, कार्ल थुनबेर्ग, त्याच सुमारास जपानात होता. परकीयांना तेव्हा नागासाकीजवळच्या देजिमा या छोट्या बेटाबाहेर मोकळे फिरता येत नसे. थुनबेर्ग गुराढोरांसाठी आणलेला चाराच उपसून त्यातली रोपे निवडत बसे. १७७६ साली डच वकिलातीबरोबर त्याला एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, जायला मिळाले. त्या वाटेवर तो ओसाकातून गेला आणि आला. त्याचा जपानी वनस्पतींवरचा ग्रंथ १७८४ साली निघाला.

ओसाकात वनस्पतींची पारख हा परक्यांनी आणलेला उद्योग नव्हता. आमच्या मुलीच्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर दोशोमाची नावाची पेठ आहे. ही औषधांच्या व्यापाऱ्यांची पेठ. १७२२ साली शोगुनच्या सरकारने इथल्या १२४ व्यापाऱ्यांच्या संघाला मान्यता दिली, आणि देशी औषधी मुळ्या-पाल्यांची तपासणी करणारी कचेरीही त्याच साली उघडली गेली. आलेला माल खरा की खोटा, हे पाहून मगच तो पुढे जाई. तरीही चुकण्याची भीती एवढी की, १७८० साली या व्यापाऱ्यांनी पेठेत औषधाच्या देवतांचे देऊळ वसवले. हातून चुकीची मुळी जाऊ नये, कोणाचा जीव जाऊ नये, ही त्यामागची प्रार्थना. २२ आणि २३ नोव्हेंबरला तिथे जत्रा भरते आणि बांबूच्या डहाळीला बांधलेला कागदाचा वाघ लोक घरी नेतात. आम्ही गेलो ते त्याच दिवसांत. देवळात जाण्याचा आमचा प्रश्न नव्हता. रस्त्याच्या कडेला उभे राहून गर्दी पाहिली. सौ. म्हणाली, "एवढी भीती हवीच. पाला तो पाला, पण पोटात जातो."

आता मूळ प्रश्न. पाकिटातली भाजी कोणती? मुलीच्या घरी शब्दकोश काढून बसलो तेव्हा तिचे नाव कळले, ओकाहिजिकी. हिजिकी हे समुद्रातले एक शेवाळ, ओका म्हणजे जमीन, जमिनीवरची हिजिकी. जपानच्या वाळूच्या किनाऱ्यांवर ती आपोआप उगवते, आणि उत्तरेकडे यामागाता भागात तिची शेती होते. दिसायला कोवळ्या मोरससारखी, कुळ तेच, पण प्रजाती वेगळी. मुलीची चूक समजण्यासारखी होती. मग खरी मोरस जपानात आहे की नाही?

ओसाकाचा जुना किनारा आता दिसत नाही. सुमियोशीचे प्रसिद्ध देऊळ एके काळी समुद्राकाठी होते. आज तिथून समुद्र दिसतही नाही. शतकानुशतके भराव घालून बंदरे, कारखाने, गोदामे झाली. १९९४ साली सुरू झालेला कान्साईचा विमानतळ तर भर समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे. मुंबईकरांना हे सांगायला नको. दक्षिणेकडे सेन्नान आणि हान्नान या गावांच्या मध्ये ओतोकोनोसातो नावाची लहान नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी चिखलाची थोडी नैसर्गिक जमीन शिल्लक आहे. नांबा स्टेशनावरून नानकाई रेल्वेने आम्ही तिकडे गेलो.

ओहोटीची वेळ होती. डोक्यावरून विमाने जात होती. बांधावरून पाहिले तर चिखलाच्या कडेला तांबडे पट्टे दिसले. आम्हांला ती वाळलेली पाने वाटली. सौ. मात्र काठी टेकत खाली उतरली. बसली, एका रोपावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "अहो, ही आपली. टोक बघा, टोचत नाही. थंडीने लाल झालीय एवढेच." भरतीने आणून टाकलेला एक तुटका शेंडा तिने उचलला आणि चुरडला. बोटे ओली झाली. तिने तो बराच वेळ हातात धरला होता.

दुर्बीण घेऊन पक्षी पाहणारे एक वयस्कर जपानी गृहस्थ जवळच होते. मुलीने त्यांना नाव विचारले. 'हामामात्सुना', ते म्हणाले. हामा म्हणजे किनारा, मात्सु म्हणजे सूचिपर्णी वृक्ष, ना म्हणजे भाजी. सुईसारख्या पानांची किनाऱ्यावरची भाजी. कोवळी असताना खातात, असेही म्हणाले. तुम्ही खाल्ली आहे का, असे विचारल्यावर हसून म्हणाले की, आपण भाजी दुकानातून आणतो. वनस्पतींच्या पुस्तकात तिचे लॅटिन नाव 'स्युएडा मॅरिटिमा' असे सापडले. कोकणात या प्रजातीच्या दोन-तीन बहिणी मोरस याच नावाखाली खपतात. त्यांतली एक हीच.

ओळखण्याच्या खुणा सौ.ने सांगितल्या तशा इथे देतो. पहिली खूण जागेची: मोरस भरतीच्या चिखलात, ओकाहिजिकी वाळूत. दुसरी टोकाची: मोरसचे टोक मऊ, ओकाहिजिकी जून झाली की टोकाला काटा धरते. तिसरी पानांच्या मांडणीची: मोरसची पाने देठावर एकाआड एक येतात. खाजणात आपल्याकडे धापा म्हणून दुसरी मांसल वनस्पती असते, तिची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि तिला गुलाबी चांदणीसारखी फुले येतात. मोरसचे फूल हिरवे, नजरेत न भरणारे. चौथी खूण चिकाची: मोडल्यावर पांढरा चीक निघाला तर हात लावू नये. खाडीकाठच्या गेव्याचा चीक डोळ्यांत गेला तर डोळे जाण्याची भीती असते. चव ही शेवटची खूण, पहिली कधीच नाही. आणि हे सर्व ज्याने पूर्वी खुडली आहे त्याच्या शेजारी बसून शिकावे, फोटोवरून नव्हे.

आम्ही तिथून एकही शेंडा तोडला नाही. उरलीच आहे थोडी. शिवाय शहराजवळच्या खाडीचा चिखल कारखान्यांचे विष धरून ठेवतो आणि वनस्पती ते शोषून घेते. मुंबईच्या खाड्यांनाही हेच लागू. आपल्या वयाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या मंडळींनी तर मोरसच्या मिठापासून जपूनच राहावे.

मग हा खटाटोप कशासाठी? एक गोष्ट कबूल करायची आहे. लहानपणी घरी पाहुणा आला की मोरसचे पातेले मागच्या पडवीत जाई. ती गरिबाची भाजी होती. पगार झाला की बाजारची भाजी येई, महिनाअखेर खाजणातली. आम्ही शिकलो, मास्तर झालो, पुढे आलियाह करून इथे आलो, आणि ती भाजी आम्ही मुद्दाम विसरलो. मुलांना मलिदा शिकवला, चिकाचा हलवा शिकवला, मोरसचे नावही काढले नाही. मुलीने ती एकदाच, आजोळी गेली असताना, आजीच्या हातची खाल्ली होती. तेवढ्या आठवणीवर तिने परक्या देशातल्या दुकानात पाकीट उचलले. चुकली, पण घराण्यापर्यंत पोचली. चूक तिची नव्हे. खुणा सांगणारे आम्ही गप्प राहिलो.

यन्नाय राजाने पुढे पुष्कळ वाईट केले. पण जिंकून आल्यावर पूर्वजांची गरिबी सोन्याच्या मेजावर मांडावी, हे त्याला सुचले. आपले पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला लागले, त्यांना या चिखलातली भाजी शेजाऱ्यांनीच दाखवली असणार, आणि मल्लूआख जाणणाऱ्या लोकांना ती ओळखीची वाटली असेल. त्या भाजीची आम्हांला लाज वाटली. आता वाटत नाही.

ज्यांच्या बोटांना मोरस माहीत आहे असे आपल्यातले लोक आता ऐंशीच्या पुढचे आहेत. विद्वानांनी मल्लूआख शब्दकोशात शोधली तेव्हा ती हुकली; लोकांना विचारली तेव्हा सापडली. तेव्हा वाचकहो, आपल्या आईने, आजीने, मावशीने किनाऱ्यावरून कोणती भाजी आणली, गावात तिला काय म्हणत, ती कशी ओळखत, कधी खुडत, कशी शिजवत, हे आठवेल तसे लिहून संपादकांकडे पाठवा. लिहिता येत नसेल तर नातवंडांना सांगा, ते लिहून घेतील. नाव एक आणि भाजी दुसरी असे होऊ नये, म्हणून पान, फूल, जागा, चव सगळे सांगा.

सौ.ने ओसाकाचा तो तुटका शेंडा रुमालात गुंडाळून मुलीच्या घरापर्यंत आणला. तिथे मुलीला समोर बसवून टोक, पान, देठ सगळे दाखवले. पाकिटातली ओकाहिजिकी शेजारी ठेवली. मुलीने दोन्हींवरून बोट फिरवले आणि पहिल्या खेपेलाच बरोबर सांगितले.